आद्य कागद आणि आदला कागद

श्री क्षेत्रपाल समर्थ. जे पाणी कोणाचे नाव न विचारता वाहते त्या पाण्यास, आणि जो धोंडा शंभर वर्षे एका जागी बसून कंटाळत नाही त्या धोंड्यास दंडवत घालून सातताळ खोऱ्याच्या पाहणीची हकीकत लिहितो ती ऐसी. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजित नाम संवत्सर, मास कार्तिक. तेसमयी राज्य सुखरूप नांदत होते. प्रजा सुखी होती आणि जी सुखी नव्हती ती बोलत नव्हती, म्हणोन दरबारी सर्वत्र समाधान होते. राजधानीपासून चार कोसांवर डोंगरांच्या कुशीत एक खोरे होते, त्यास सातताळे म्हणत. थोरल्या महाराजांनी, म्हणजे ज्यांनी हे राज्य प्रथम उभे केले त्यांनी, तेथे एकाखाली एक अशी सात तळी बांधविली, आणि तळ्यांस दगडी पाटाने जोडिले, आणि काठी देवराई राखिली, आणि जे शिपाई राज्याकारणे पडले त्यांचे वीरगळ त्या वाटेवर ओळीने उभे केले. मग सनद करून दिली की, "हे खोरे आमचे पुण्य. येथील धोंडा, झाड, पाणी कोणी हलवू नये. दरसाल पाहणी करावी. जोवर खोरे बदस्तूर आहे तोवर पुढील राजांनी यास हात लावू नये." बदस्तूर म्हणजे होते तैसेच आहे, काही पालट नाही. पाहणीचे काम त्रिमलपंत म्हणून एक विश्वासू गृहस्थ होते, त्यांचे वंशाकडे दिले, आणि तेव्हापासून त्या घराण्यास पाहणीदार म्हणू लागले.

पाहणीची रीत ऐसी होती. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस पाहणीदाराने स्नान करून, पागोटे घालून, खोऱ्याच्या माथ्यावर दगडी कट्टा आहे तेथे चढावे. हाती गेल्या सालचा कागद धरावा. मग खाली तळी पाहावी, झाडे पाहावी, वाट पाहावी, आणि गेल्या सालच्या कागदासी ताडून नवा कागद लिहावा. गेल्या सालासारखेच असेल तर शेवटी "बदस्तूर" ऐसे लिहून शिक्का करावा. जुने कागद दफ्तरखान्यात लाल रुमालात बांधून असत, नवा कागद गाठीखालून आत सरकवीत, रुमाल कोणी सोडीत नसे, कारण सोडण्याचे कारणच पडत नसे. त्रिमलपंतांमागे पुत्र गिरमाजीपंत, त्यांमागे रखमांगदपंत, आणि रखमांगदपंतांस सत्तरावे वर्ष लागून दृष्टी मंद जाहली तेव्हा त्यांचे पुत्र अंताजी रखमांगद हे पाहणीदार जाहले. अंताजी स्वभावे भिडस्त, अक्षर मोत्यांसारखे, आणि अंगी एक खोड ही की लिहिलेले पुन्हा वाचून पाहत. सहा साले त्यांनी कट्ट्यावर चढून सहा कागद लिहिले आणि सहाही कागदांवर बदस्तूर लिहिले. तीर्थरूपांनी अडतीस वेळा लिहिले होते तेच त्यांनी लिहिले, आणि घरी येऊन गोडाचे जेवले.

सातव्या सालचे कार्तिकात ऐसे जाहले की, राज्याचे दिवाणजी होते त्यांस राजधानीस नवा कोट बांधणे होते. कोटास घडीव दगड पाहिजे, आणि घडीव दगड घडवावयास दहा वर्षे पाहिजेत, आणि दिवाणजींचे वय साठ. ते एके दिवशी शिकारीच्या निमित्ते सातताळ्यास गेले आणि डोळे भरून आले. डोळे खोऱ्याने भरले नाहीत, दगडाने भरले. परत आल्यावर अंताजीस बोलावून पाठविले. अंताजी गेले, मुजरा केला. दिवाणजी म्हणाले, "पाहणीदार, आम्ही खोरे पाहून आलो. तेथे तळी कोठे आहेत? आम्हांस तर डबकी दिसली. पाट फुटला, झाडी विरळ. या सालची पाहणी नीट करा. खोरे मोडले असेल तर मोडले ऐसे लिहा. मग सनद सुटली, आणि ते धोंडे निदान कोटाच्या कामी येतील." अंताजी म्हणाले, "जी, परंतु गेल्या सालापर्यंत बदस्तूर आहे." दिवाणजी हसले आणि म्हणाले, "तेच आम्हांस नवल वाटते. पौर्णिमेच्या दरबारी कागद वाचला जाईल. आमचा माणूस तुमच्यासवे कट्ट्यावर येईल. जे दिसेल ते लिहा, दुसरे काही आम्ही मागत नाही."

अंताजीची पाचावर धारण बसली. मोडले लिहावे तर खोरे दिवाणजींच्या घशात जाते आणि चार पिढ्यांचे इमान वाऱ्यावर जाते. बदस्तूर लिहावे तर दिवाणजींचा माणूस शेजारी उभा. तेव्हा त्यांनी विचार केला की, बदस्तूर या शब्दाचा थोरल्या महाराजांनी नेमका काय अर्थ धरिला होता तो, सनदेसोबत त्रिमलपंतांस पाहणीचा हुकूम दिला होता, त्या मूळ हुकुमात पाहावा. घरी हुकुमाची नक्कल होती, ती सर्वांस पाठ होती, परंतु मूळ दफ्तरखान्यात होते. म्हणोन दुसरे दिवशी ते दफ्तरखान्यात गेले. दफ्तरदार वृद्ध गृहस्थ होते, त्यांनी तपकीर ओढीत लाल रुमाल काढून दिला आणि म्हणाले, "पंत, हा रुमाल माझ्या हयातीत कोणी मागितला नाही. धूळ बहुत आहे, शिंक आली तर कागद उडतील, तोंड फिरवून शिंका." अंताजींनी गाठ सोडिली. वरती मूळ हुकूम होता, कसरीने कडा खाल्लेला. त्याखाली त्रिमलपंतांचे हातचा पहिला कागद, शके पंधराशे त्र्याण्णवचा. अंताजींनी हुकूम वाचला, आणि दुसऱ्यांदा वाचला, आणि मग खिडकीपाशी नेऊन उजेडात तिसऱ्यांदा वाचला.

घरच्या नकलेत होते ते ऐसे, "दरसाल आदल्या कागदासी ताडोन पाहावे." मूळ हुकुमात होते ते ऐसे, "दरसाल आद्य कागदासी ताडोन पाहावे." आद्य म्हणजे पहिला. आदला म्हणजे मागला, काल-परवाचा. कसर लागली म्हणोन गिरमाजीपंतांचे अमदानीत मूळ हुकुमाची नक्कल करविली, तेव्हा मोडीच्या धावत्या हाताने लिहिणाऱ्या कोणा कारकुनाने आद्यच्या पोटात एक ल घातला आणि पुढे काना ओढिला. त्यास काही वाईट करणे नव्हते. कदाचित जेवणाची वेळ जाहली असेल. त्या एका लकाराने अडुसष्ट वर्षे पाहणीदार प्रत्येक सालास त्याच्या मागल्या सालाशेजारी उभे करीत आले, आणि मागल्या सालाहून कोणतेही साल फारसे वेगळे नसते. दोन पायऱ्या कोणी नेल्या, तरी शंभरांत दोन गेल्या त्यात काय? बदस्तूर. पुढल्या साली अठ्ठ्याण्णवांत दोन गेल्या, बदस्तूर. अंताजींनी त्रिमलपंतांचे अठ्ठावीस कागद काढून पाहिले. त्यांत बदस्तूर क्वचितच होते. त्यांत होते ते ऐसे, "तिसऱ्या तळ्याची पायरी एक खचली, ती पाथरवटाकडून बसविली." "राईतील ऐनाचा वृक्ष वादळाने पडला, त्याचे जागी रोप लाविले." त्यानंतर गिरमाजीपंतांचे अक्षर सुरू होई, आणि तेथून खाली रुमालाच्या तळापर्यंत एकच शब्द होता. कोणी खोटे लिहिले नव्हते, प्रत्येकाने आपल्या हातातल्या कागदापुरते खरेच लिहिले होते. अंताजी तेथेच धुळीत बसले आणि त्यांस रडू आले.

मग त्यांनी पहिल्या कागदाची नक्कल आपल्या हाताने उतरून घेतली आणि ती घेऊन, प्रतिपदेची वाट न पाहता, कोणास न सांगता खोऱ्यात गेले. कट्ट्यावर चढले नाहीत. खाली उतरले. त्या घराण्यातील मनुष्य खाली उतरून किती वर्षे जाहली होती ते देवास ठाऊक. खाली म्हाळू पाटकरी होता. पाटकरी म्हणजे तळ्यांचे पाणी पाटाने सोडणारा आणि अडविणारा, आणि म्हाळूच्या घराण्याकडे ते काम तळी बांधिली तेव्हापासूनचे. म्हातारा खांद्यावर फावडे घेऊन उभा होता. त्याने पागोटे पाहून वाकून रामराम केला आणि म्हणाला, "धनी, वाट चुकला जणू? तुमची जागा वर हाय." अंताजी म्हणाले, "म्हाळू, मला सगळे दाखव. एकेक दाखव." मग म्हाळू पुढे आणि अंताजी कागद घेऊन मागे, असे दोघे सकाळपासून दिवस कलेपर्यंत हिंडले. कागदात सात तळी भरलेली होती, जागेवर तिनांत पाणी होते. पहिल्या तळ्यास एकशे अकरा पायऱ्या लिहिल्या होत्या, बेचाळीस सापडल्या. राईत मोठी झाडे सातशे दोन लिहिली होती, ती मोजता मोजता नव्वदाच्या आत संपली. वीरगळ सदतीस होते ते एकोणीस, आणि त्यांतील एक ओढ्यात पालथा घालून त्यावर बायका धुणे धूत होत्या. अंताजींनी तो उताणा करविला, तेव्हा घोड्यावरचा वीर निघाला, तोंड झिजून सपाट जाहलेला. धुणे धुणारी बाई कानकोंडी होऊन म्हणाली, "आमाला काय ठावं जी, आमच्या सासूनं बी हितंच धुतलं." तिला रागे भरावे ऐसे अंताजींच्या मनात आले, परंतु कोणत्या तोंडाने भरावे?

चौथ्या तळ्यापाशी आले तेव्हा तेथे तळे नव्हतेच. बांध मधोमध फुटलेला आणि पोटात बाभळी माजलेल्या. कागदात लिहिले होते, "चौथ्या तळ्यात कमळे, देवास नित्य सात वाहावी." अंताजींनी पुशिले, "हे कधी गेले?" म्हाळू म्हणाला, "त्याला लई सालं झाली. एका पावसात बांधाला भोक पडलं, हाताची मूठ जाईल येवढं. माझा बाप म्हनला, पाहनीदार येतील तवा दावू. पाहनीदार काय खाली आलंच न्हाईत. पुढल्या सालाला भोकात मानूस शिरंल येवढं झालं." अंताजी म्हणाले, "मग राजधानीत येऊन सांगितले का नाही?" म्हाळूने फावडे टेकले आणि म्हणाला, "धनी, राग मानू नगा. आमी सांगाया आलो हुतो. देवडीवर म्हनले, कागदात बदस्तूर हाय, तुजं काय ऐकायचं? आमास्नी लिवता येत न्हाई. आमी रोज बगतो पर आमास्नी कोन इचारत न्हाई, आन् तुमास्नी इचारत्यात पर तुमी सालातनं येकदा बगता." मग दोघे पुढे गेले. सातव्या तळ्याचा बांधही पाझरत होता. म्हाळू म्हणाला, दोन पावसाळे काढील, तिसरा न्हाई.

घरी आल्यावर त्यांनी तीर्थरूपांस सर्व वर्तमान सांगितले. रखमांगदपंत तेसमयी शहात्तर वर्षांचे होते. ताठ बसत, आवाज मोठा, डोळ्यांपुढे नित्य धुके. लकाराची गोष्ट ऐकताच ते कडाडले, "अंता, आमच्या वडिलांच्या नकलेत चूक काढतोस? मी अडतीस वर्षे एक अक्षर खोटे लिहिले नाही." अंताजी म्हणाले, "बाबा, खोटे कोणीच लिहिले नाही. पण खोरे चालले आहे." पंत म्हणाले, "मग डोके चालव. दिवाणाच्या हाती कोलीत देऊ नकोस. हुकूम जैसा घरी आहे तैसा पाळ. आदल्या कागदाशी ताडून पाहा. गेल्या सालाहून काय उणे आहे?" अंताजींनी सांगितले, "दोन झाडे, आणि एक वीरगळ कलंडला." पंत म्हणाले, "झाले तर. दोन झाडांनी राई जाते काय? बदस्तूर लिही, शिक्का कर, तुझ्या कागदात कोणास दोष काढिता येणार नाही. खोरेही वाचले आणि घराण्याचे नावही." आणि खरेच, त्यात खोटे काही नव्हते. तीन पिढ्या जी वाट चालली त्याच वाटेवर आणखी एक पाऊल, इतकेच. अंताजीस मोह पडला. लपवून काय होईल? आज खोरे वाचेल. मग सातवे तळे फुटेल, मग राईतील नव्वदांची ऐंशी होतील, आणि कोणी तरी कट्ट्यावर चढून बदस्तूर लिहीत राहील, शेवटी खाली नुसते माळरान असेल तरीही. आणि उघड केले तर दिवाणजींच्या गाड्या उद्याच दारात.  अंताजींनी कागद काढिला आणि म्हणाले, "बाबा, त्रिमलपणजोबांचा पहिला कागद आहे. आपण कधी ऐकला नाही. वाचतो, तेवढा ऐका."

मग अंताजी वाचू लागले. पहिले तळे, त्याचे पायऱ्यांची गणती. दुसरे तळे, त्यातून पाट निघतो तेथे दगडी गोमुख. तिसरे तळे, काठी सोनचाफे दोन. पंत प्रथम कुरकुरले, मग मांडीवर ताल धरल्यासारखे बोट आपटीत राहिले, मग बोट थांबले. चौथे तळे आले आणि कमळे आली, तेव्हा ते म्हणाले, "पुन्हा वाच." अंताजींनी पुन्हा वाचले. पंत म्हणाले, "आणखी एकदा." तिसऱ्यांदा वाचून जाहल्यावर त्यांनी उपरणे तोंडावर घेतले आणि भिंतीकडे तोंड केले. सुनेने पान वाढले, ते तैसेच उठवावे लागले.  अंताजीस वाटले की, आपण म्हाताऱ्या माणसाचा छळ केला.

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस अंताजी कट्ट्यावर गेले. दिवाणजींचा माणूस शाईची दौत धरून शेजारी उभा. अंताजींनी डाव्या हाती आद्य कागद धरिला, आदला मांडीवर पसरिला, आणि जे दिसले ते दोहोंशी ताडून लिहिले. लिहिता लिहिता उन्हे उतरली. असा लांब कागद त्या कट्ट्यावर पूर्वी कोणी लिहिला नव्हता. दिवाणजींचा माणूस आनंदाने दौत पुढे करीत राहिला.

पौर्णिमेस दरबार भरला. महाराज तेसमयी तरुण होते, थोरल्या महाराजांचे पणतू. गादीवर येऊन तिसरे साल. मनाने बरे, परंतु दिवाणजींच्या डोळ्यांनी पाहण्याची सवय लागलेली. अंताजींनी कागद वाचला, आणि लकाराची हकीकत सांगितली, आणि दोन्ही हुकूम पुढे ठेविले. पहिल्या तळ्याच्या एकोणसत्तर पायऱ्या गेल्या ऐसे वाचले तेव्हा महाराजांनी पुशिले, "गेल्या कोठे? पायऱ्यांस काय पाय फुटतात?" अंताजींनी मान खाली घालून सांगितले की, त्या पायऱ्यांवर थोरल्या महाराजांनी शंख कोरविला होता, आणि शंख कोरलेले दगड राजधानीत शोधिले असता अठरा हत्तीखान्याच्या हौदास सापडले, आणि चार खुद्द पाहणीदाराच्या घरच्या जोत्यास, आणि सहा दिवाणजींच्या विहिरीस. दरबारात कोणी हसले नाही, परंतु खोकला मात्र पुष्कळांस आला. दिवाणजी मुरब्बी मुत्सद्दी, डगमगले नाहीत. पुढे होऊन म्हणाले, "महाराज, पाहणीदाराने खरे सांगितले, त्यांचे इमान थोर आहे. खोरे मोडले हे खुद्द पाहणीदार म्हणतात. सनदेत स्पष्ट आहे की, जोवर बदस्तूर आहे तोवर. आता बदस्तूर नाही, सनद सुटली. जे मोडले त्याचा शोक किती करावा? उरले आहे त्याचा कोट होऊ द्या, राज्याचे रक्षण होईल. थोरले महाराज असते तर हेच म्हणते." बोलणे वजनदार होते. महाराजांनी अंताजीकडे पाहिले आणि म्हणाले, "पाहणीदार, यास तुमचे काय उत्तर?"   अंताजींनी खरे सांगण्यापर्यंतच विचार केला होता, पुढचा केला नव्हता.

तेव्हा दरवाजापाशी गलबला जाहला. रखमांगदपंत एका हाती काठी आणि दुसरा हात, खोऱ्यातून बोलावून आणिलेल्या म्हाळू पाटकऱ्याच्या खांद्यावर ठेवून आत येत होते. पाटकऱ्यास दरबारात प्रवेश नसे. चोपदाराने अडविले, तेव्हा पंत म्हणाले, "मला दिसत नाही. याच्या डोळ्यांनी मी चालतो. डोळे बाहेर ठेवून आत कैसा येऊ?" महाराजांनी हाताने खूण केली आणि दोघांस येऊ दिले. पंतांनी मुजरा केला, तो महाराजांच्या थोडा उजवीकडे, खांबास जाहला. मग म्हणाले, "महाराज, कारकुनाने एक ल अधिक लिहिला त्याचे माथी सारा दोष जातो आहे, तो जाऊ नये. तो ल मी पाहिला नव्हता, परंतु खोरे पाहिले होते. डोळे चांगले होते तेव्हा पाहिले होते. कमी होते आहे हे न कळण्याइतका मी मूर्ख नव्हतो. परंतु हाती कागद होता आणि कागदास पटत होते, म्हणोन डोळ्यांस गप्प बसविले. अपराध माझा आहे, शिक्षा मला व्हावी. आता खोऱ्याचे. दिवाणजी म्हणतात की मोडले. मोडले म्हणजे काय? पहिल्या कागदात प्रत्येक पायरीची जागा लिहिली आहे, प्रत्येक पाटाचा उतार लिहिला आहे, कोणते झाड कोठे होते ते लिहिले आहे. ज्याची जागा लिहून ठेविली आहे ते पुन्हा त्या जागी ठेविता येते. आणि पाणी कैसे चालते ते या पाटकऱ्यास ठाऊक आहे, यास विचारा. यास आजवर कोणी विचारले नाही." महाराजांनी म्हाळूस पुशिले, "काय रे, तळी पुन्हा भरतील?" म्हाळू हात जोडून म्हणाला, "सरकार, सातवं आंदी वाचवा. चौथं भरायला मला दोन साल द्या आन् मानसं द्या. झाडांचं म्या काय सांगू? झाड लावनारा सावलीला बसत न्हाई. ते तुमच्या नातवाला बगायचं."

 महाराज दोन्ही हुकूम मांडीवर घेऊन एकदा हा, एकदा तो, ऐसे पाहत राहिले. मग दिवाणजींस म्हणाले, "थोरल्या महाराजांनी आद्य कागदासी ताडावयास सांगितले. अडुसष्ट साले ते कोणी ताडिले नाही. ज्या हुकुमाची तामिलीच जाहली नाही, त्याची मुदत संपली कैसी म्हणावी? या सालची पाहणी पहिली धरावी. कोटास दगड पलीकडच्या बोडक्या डोंगराचा काढा, दहा वर्षे लागोत. आणि शंखाचे दगड जेथे असतील तेथून उकलून माघारी न्यावे, हत्तीखान्यापासून आरंभ करावा." दिवाणजींनी मान लवविली, त्यांस विहिरीची आठवण जाहली असावी. मग महाराज अंताजीस म्हणाले, "तुम्ही खरे सांगितले याचा संतोष आहे. परंतु पाहणीदारी तुमचे घराण्याकडे राहणार नाही. जे रोज पाहतात ती पाहणी त्यांची. म्हाळू पाटकरी आणि त्याचा वंश पाहणीदार. तो सांगेल, तुम्ही लिहावे, आणि खोऱ्यात राहून लिहावे." चार पिढ्यांचा मान एका वाक्यात गेला. अंताजींनी शिक्का कमरेचा सोडून गादीपुढे ठेविला. दुःख जाहले, नाही ऐसे नाही. परंतु घरी येताना पाऊल हलके पडत होते.

त्याच महिन्यात अंताजी कुटुंब घेऊन खोऱ्यात राहावयास गेले, आणि रखमांगदपंत हट्ट धरून सोबत आले. जाताना त्यांनी महाराजांकडे एक मागणे मागितले, आपले अडतीस कागद दफ्तरातून माघारी मिळावे. ते मिळाले. मग नित्य सकाळी राईच्या कडेस उन्हात बसावे आणि खोऱ्यातील म्हातारी माणसे एकेक बोलावून विचारावे, "अमक्या साली, अमक्या राजाचे लग्न जाहले त्या साली, मोठी थंडी पडली त्या साली, काय काय गेले?" कोणी सांगावे, "त्या सालाला माजी थोरली जन्मली, तवा गोमुखाचा कान तुटला." मग पंतांनी त्या सालचा आपला कागद काढावा, डोळ्यांस लावून जागा शोधावी आणि बदस्तूरच्या खाली आपल्या हाताने खरे काय ते लिहावे. अंताजी म्हणाले, मी लिहितो, आपण सांगा. तर म्हणाले, "अक्षर माझे होते. दुरुस्तीही माझ्याच अक्षरात पाहिजे." एका कागदास दहा-बारा दिवस लागत. चैत्र लागता लागता सातव्या तळ्याचा बांध पुरा जाहला, त्या दिवशी त्यांनी बांधावर हात फिरवून पाहिला. त्यानंतर आठव्या दिवशी, सकाळी उन्हात बसल्या ठिकाणीच, त्यांचा काळ जाहला. खोऱ्यातली सर्व माणसे आली. म्हाळूने खांदा दिला.

सुतक फिटल्यावर अंताजींनी तो रुमाल सोडिला. दहा कागद दुरुस्त जाहले होते, अठ्ठावीस कोरे राहिले होते. नऊ कागदांखाली पायऱ्या होत्या, झाडे होती, वीरगळ होते. दहावा कागद अंताजींच्या जन्मसालचा होता. त्याखाली ओळी वाकड्या होत जाऊन एकावर एक चढल्या होत्या, तरी अक्षर लागत होते. लिहिले होते ते ऐसे, "या साली पाहणीस गेलोच नाही. घरी बाळंतपण अडले होते, तिसरे दिवशी सुटका जाहली. कागद घरी बसून लिहिला. चौथ्या तळ्याचे बांधास भोक पडले ते याच साली, गेलो असतो तर एका दिवसाचे काम होते. हे कोणास सांगितले नाही, अंतास तर नाहीच. कागद खोटा. पुत्र जाहला तो खरा. आज पुन्हा तो दिवस आला तरी मी घरीच राहीन, हेही लिहून ठेवितो, कारण येथे आता खरे लिहावयाचे आहे."

येणेप्रमाणे सातताळ खोऱ्याची हकीकत. चौथे तळे म्हाळू पाटकऱ्याने तिसऱ्या साली भरले. दोन सालांत भरतो म्हणाला होता, एक साल अधिक लागले, तेही कागदात लिहिले आहे. उरलेले अठ्ठावीस कागद आणि स्वतःचे सहा अंताजी रखमांगद यांनी पुरे केले. दहाव्या कागदाखाली मात्र त्यांनी एक अक्षरही घातले नाही, आणि पुढे चौथ्या तळ्यात कमळे आली तेव्हा पहिली सात देवास न वाहता, जेथे ते भोक पडले होते तेथे बांधावर ठेवून आले. का, ते त्यांनी कोणास सांगितले नाही.